मोडीचा रुमाल आणि दोन जीबीची मर्यादा

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाचं मूळ नायक राजांच्या काळात आहे, पण त्याला वैभव आलं ते दुसऱ्या सरफोजीराजांमुळे (कारकीर्द १७९८ ते १८३२). १९१८ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. संस्कृत, तमिळ, तेलुगू पोथ्यांबरोबर भोसल्यांच्या राज्यकारभाराचे मोडी कागदही तिथे आहेत. तंजावरचे असोत की पुण्याच्या पेशवे दफ्तरातले, असे कागद टिकवायचे तर ते स्कॅन करणं आता अटळ आहे.

अनेक ठिकाणी हे काम जुन्या ३२ बिटच्या सॉफ्टवेअरवर चालतं, आणि पंधरा-वीस पानांनंतर ते गोठतं. फाइल तर चार-पाच एमबीची दिसते, मग अडतं कुठे? फाइल डिस्कवर दाबून ठेवलेली असते. उघडली की मेमरीत पूर्ण पसरते. ए-फोर पान ६०० डीपीआयने रंगीत स्कॅन केलं, तर सुमारे ३.५ कोटी बिंदू होतात आणि प्रत्येकाला तीन बाइट लागतात. म्हणजे एका पानाला शंभर एमबीहून जास्त! विंडोजवर ३२ बिटच्या प्रोग्रॅमला एरवी २ जीबीच वापरता येतात. त्यातही मोठ्या चित्राला सलग मोकळी जागा हवी असते, म्हणून तो मर्यादेच्या आधीच अडतो. अशा वेळी नवी रॅम घालणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

म्हणून आधी टास्क मॅनेजर उघडून पाहावं. प्रोग्रॅमचा आकडा दीड-दोन जीबीवर थांबला असेल, तर मर्यादा त्याचीच आहे. उलट संगणकाचीच मेमरी भरली असेल आणि डिस्क अखंड फिरत असेल, तर विंडोज मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवत असते. तिथे मात्र रॅम वाढवून उपयोग होतो. डिस्क चालू असेतो प्रोग्रॅम बळजबरीने बंद करू नये, अर्धवट लिहिलेली फाइल खराब होऊ शकते.

३०० डीपीआयला मेमरी चौथाई लागते खरी, पण विटलेल्या शाईचे बारीक फाटे टिपायचे तर हा सौदा मला मान्य नाही. मोडीत एका फाट्याने अक्षर बदलतं. त्यापेक्षा रुमालातले, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातले, पाच-पाच कागद घ्यावेत, प्रत्येक पान लगेच साठवावं आणि प्रत्येक गटानंतर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा. वेळ थोडा जास्त जाईल, पण जीर्ण कागद पुन्हा काचेवर ठेवावा लागणार नाही.