वटवाघळांची हजेरी घेणारी मुले

लहानपणी आमच्या चाळीत तिन्हीसांजेला पाकोळी शिरली की आई आम्हा भावंडांची डोकी पदराखाली झाकायची. पाकोळी केसांत अडकते, घराला अपशकुन होतो, ही तेव्हाची समजूत. त्याच पाकोळ्यांच्या नोंदी घेण्यासाठी अमेरिकेत कॉलेजची मुलेमुली उन्हाळ्याच्या सुट्टीत रानोमाळ फिरतात, हे कळले तेव्हा प्रथम हसू आले. कारण समजल्यावर मात्र हसू मावळले.

२००६ साली न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेली वटवाघळे दिसली. थंडीत तिकडची वटवाघळे महिनोन्‌महिने झोपून राहतात. ही बुरशी त्यांची झोप मोडते, अंगातली चरबी वेळेआधी संपते आणि बाहेर बर्फ असताना ती उपाशी मरतात. तीन जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०२१ च्या एका अभ्यासात दिसले. वटवाघळे पिकांवरचे किडे खातात. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की, त्यांच्यामुळे अमेरिकन शेतीचे वर्षाला किमान ३७० कोटी डॉलर वाचतात. म्हणजे शेतकऱ्याचा हा बिनपगारी राखणदारच!

उरली किती, हे अंधारात मोजायचे कसे? माणसाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. किडे खाणारी वटवाघळे बहुधा त्याच्या वरच्या पट्टीत ओरडतात आणि प्रतिध्वनीवरून वाट व भक्ष्य शोधतात. हे १९३८ च्या सुमारास डोनाल्ड ग्रिफिन या हार्वर्डच्या विद्यार्थ्याने दाखवले. तोही विद्यार्थीच, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगावे.

इंटर्नशिप म्हणजे आपली उमेदवारी. मुले पाणवठ्याजवळ किंवा रानवाटेवर उंच काठीला ध्वनिमुद्रक यंत्र बांधतात. पानांच्या फार जवळ बांधले तर सळसळच भरते. काही रात्रींनंतर बॅटरी बदलायची, कार्ड काढायचे आणि संगणकासमोर बसायचे. रातकिडे, पाऊस, वारा असला हजारो फायलींचा गाळ उपसावा लागतो. प्रत्येक आवाजाचा आलेख पडद्यावर दिसतो. किडा टप्प्यात आला की रेघा अगदी दाट होतात. संगणक जात सुचवतो, पण तो चुकतो. काही जातींचे आवाज इतके सारखे की जाणकारही ‘निश्चित नाही’ असा शेरा मारतात. आम्हा कारकुनांना हे काम ओळखीचे वाटेल. खतावणी यंत्राने केली तरी पडताळणी माणसालाच करावी लागते.

एक मेख मला विशेष आवडली. यंत्रात शंभर आवाज आले म्हणजे वटवाघळे शंभर नव्हेत. एकच पाकोळी शंभर फेऱ्या मारू शकते. म्हणून काही मार्गांवर गाडीच्या टपावर यंत्र लावून ताशी सुमारे बत्तीस किलोमीटर वेगाने जातात. गाडी पुढे निघून जाते, मागची पाकोळी पुन्हा भेटण्याचा संभव कमी. मग एक नोंद म्हणजे एक प्राणी, असा हिशेब धरता येतो.

आता आपल्या घरातला प्रश्न. अशा उमेदवारीत कुठे विद्यावेतन मिळते, कुठे फुकट राबावे लागते. ज्याच्या सुट्टीतील कमाईवर पुढच्या वर्षाची फी अवलंबून, त्या मुलाने रानात दोन महिने बिनपैशाचे काढायचे कसे? अमेरिकेतही गरिबाच्या मुलाला हीच अडचण येते. मुलगा किंवा मुलगी असा अर्ज भरायला बसली तर ‘वटवाघळे कसली मोजतेस?’ म्हणून हिणवू नका. विद्यावेतन किती, राहण्याची सोय काय, रात्रीच्या कामाला सोबत कोण, हे विचारा.

आणि काम आपल्याकडेही पुष्कळ आहे. भारतात फळे खाणारी वटवाघळे २०२२ च्या कायदादुरुस्तीपर्यंत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. बेळगाव जिल्ह्यात तळेवाडीजवळ बारापेडे गुहेत रॉटनचे वटवाघूळ हा दुर्मिळ प्राणी राहतो. कान्हेरीला गेलो की अंधाऱ्या लेण्यातला तो उग्र वास आपण नाक धरून टाळतो. गेल्या खेपेस मी जरा थांबलो. वरती फडफड होती, आवाज मात्र काहीच ऐकू आला नाही.