एक पेच फिरवला, तर...?

जुन्या फियाट मोटारीचे बॉनेट उघडून आतल्या पेट्रोल-पंपावर ओले फडके ठेवलेले तुम्ही कधी पाहिले आहे का? नसेल, तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. मे महिन्यातल्या दुपारी सोलापूरहून निघालेली गाडी तुळजापूरचा घाट चढताना गचके देऊन बंद पडे. मग चालक पाण्यात भिजवलेले फडके पंपावर ठेवी आणि पंधरा-वीस मिनिटांनी गाडी पुन्हा चालू होई. ही जादू नव्हे. नववी-दहावीच्या पुस्तकातील पदार्थविज्ञानच ते.

या गाडीचे आपल्या भागाशी एक नातेही आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये स्थापन करणारे उद्योगपती वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे. या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ही गाडी तयार होऊ लागली. हीच पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झाली. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. तरीही हौशी मालकांनी या गाड्या जपल्या आहेत. सुटीच्या दिवशी पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ते स्वतःच गाडी दुरुस्त करतात. काहींना ती नुसती चालती ठेवून समाधान होत नाही. ती शर्यतीच्या गाडीसारखी चपळ व्हावी असे वाटते. अशा हौशी माणसाने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते: यंत्रातील एक भाग बदलला की इतर भागांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. तो कसा, ते पाहू.

ओल्या फडक्याचे रहस्य

पद्मिनीचा पेट्रोल-पंप इंजिनच्या अंगालाच बसवलेला असतो, म्हणून तो तापतो. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यांतील हलके घटक थोड्याशा उष्णतेनेही उकळू लागतात. शिवाय पंप पेट्रोल ओढून घेतो तेव्हा नळीतील दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की उत्कलनबिंदू खाली येतो. नळीत वाफ साठते. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. त्यामुळे पंप हलत राहतो, मात्र वाफ नुसती आकुंचन-प्रसरण पावते आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. मोटारवाले यालाच 'व्हेपर लॉक' म्हणतात.

फडक्यातील १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता शोषली जाते. एवढी उष्णता काढून घेतली, तर सुमारे १२० ग्रॅम पेट्रोल १० अंश सेल्सिअसने थंड होईल! धाराशिवचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे फडके लवकर सुकते, म्हणजेच गारवाही चांगला मिळतो. कोकणातील दमट हवेत हाच उपाय मंद चालतो. माठातील पाणी तरी याहून वेगळ्या कारणाने थंड होते का?

उसाचे इंधन आणि जेटचे भोक

आता इंधनच बदलले आहे. आपल्या जिल्ह्यात कळंब तालुक्यातील रांजणी येथे साखर कारखान्यात इथेनॉल तयार होते. देशातील पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. याचा जुन्या गाडीवर काय परिणाम होतो?

१ किलोग्रॅम पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून त्याला ९ किलोग्रॅम पुरते. मिश्र इंधनासाठी हा आकडा सुमारे १३.५ येतो. नव्या गाडीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हा फरक ओळखून इंधन वाढवते. कार्ब्युरेटरला मात्र ही अक्कल नाही. त्याच्या जेटचे भोक ठरलेले, म्हणून हवेच्या मानाने इंधन कमी पडते. इंजिन गचके देते आणि जास्त तापते.

येथे गणित मदतीला येते. इंधन १४.७ ÷ १३.५, म्हणजे सुमारे १.०९ पट हवे. प्रवाह भोकाच्या क्षेत्रफळावर आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून व्यास १.०९ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे १.०४ पट करावा. समजा, जेट १२० क्रमांकाचा, म्हणजे १.२० मिलिमीटर व्यासाचा आहे. मग १२५ क्रमांकाचा जेट योग्य ठरेल. बदल बरोबर झाला की नाही, हे प्लग सांगतो: त्याचे टोक पांढरे असेल तर इंधन कमी, काळे काजळलेले असेल तर जास्त, बिस्किटाच्या रंगाचे असेल तर योग्य. नंतर धुराची तपासणीही करून घ्यावी.

पण हिशेब येथे संपत नाही. इथेनॉलमुळे जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या आणि पंपातील रबरी पडदा फुगतो, त्याला चिरा पडतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकले, तर आग लागू शकते. म्हणून जेटच्या आधी नळ्या बदलणे अगत्याचे!

थोडी जास्त ताकद?

पद्मिनीच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. चार सिलिंडरांचे घनफळ काढून पाहा; ते सुमारे १,०८९ घन सेंटिमीटर येईल. एका सिलिंडरचे झाले २७२.

ताकद वाढवण्यासाठी काही जण सिलिंडरचे झाकण, म्हणजे 'हेड', घासून घेतात. समजा, संपीडन गुणोत्तर ८ आहे. म्हणजे दट्ट्या वर आल्यावर ३९ घन सेंटिमीटर जागा उरते. घासण्याने त्यातील ४ घन सेंटिमीटर गेली, तर गुणोत्तर सुमारे ८.८ होते. दाब वाढतो, ताकदही थोडी वाढते. पण दाबाबरोबर तापमानही वाढते. ते मर्यादेबाहेर गेले, तर ठिणगीची ज्योत पोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते. 'टक-टक' असा आवाज येतो. तो फार काळ चालू दिला, तर दट्ट्याला भोकही पडते.

आणि समजा, वेग वाढलाच. माणसांसह १,००० किलोग्रॅम वस्तुमानाच्या गाडीची गतिज ऊर्जा ताशी ६० किलोमीटर वेगाला सुमारे १ लाख ३९ हजार ज्यूल असते. ताशी ९० ला ती ३ लाख १२ हजारांवर जाते. वेग दीडपट, ऊर्जा सव्वादोनपट! ही सारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने ब्रेकमध्ये उतरते. पद्मिनीच्या चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक असतात. ते तापले की त्यांची पकड सुटू लागते. गाडी बुटकी दिसावी म्हणून स्प्रिंगचे वेढे कापणेही असेच धोक्याचे. आठ वेढ्यांचे सहा केले की स्प्रिंग एक-तृतीयांशाने अधिक ताठ होते आणि खड्ड्यांवर चाक रस्ता सोडू लागते.

म्हणूनच मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. त्या गाडीबरोबर रस्त्यावर इतरांचेही जीव असतात. आणखी एक सूचना: बंद खोलीत इंजिन कधीही चालू ठेवू नका. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, पण तो प्राणघातक असतो.

करून पाहा

पेट्रोलला हात न लावता जेटचा नियम तपासता येतो. प्लॅस्टिकच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. तळापासून सारख्याच उंचीवर एकीला २ मिलिमीटरचे आणि दुसरीला ४ मिलिमीटरचे भोक पाडा. बाटल्यांवर वर-खाली दोन खुणा करा आणि वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत पाणी उतरायला लागणारा वेळ घड्याळात मोजा. दुसऱ्या बाटलीला किती वेळ लागेल, याचा अंदाज मात्र आधी वहीत लिहून ठेवा. आधी हिशेब, मग पाना, हीच चांगल्या मेस्त्रीची आणि चांगल्या वैज्ञानिकाचीही रीत होय.