अर्धं चांदीचं, अर्धं कांस्याचं

ऑलिम्पिकचं पदक कुणी मुद्दाम कापून घेतल्याचं ऐकलंय? १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बांबूउडीत शुहेई निशिदा आणि सुएओ ओए हे दोघे जपानी दोस्त ४.२५ मीटरवर बरोबरीत राहिले. रौप्य निशिदाला मिळालं, कांस्य ओएला. मायदेशी परतल्यावर दोघांनी सराफाकडून दोन्ही पदकं मधोमध कापून घेतली आणि अर्धं चांदीचं, अर्धं कांस्याचं अशी दोन नवी पदकं जोडून घेतली. पाचच वर्षांनी ओए युद्धात मारला गेला. क्रीडास्मृती जमवणाऱ्या कुणालाही विचारा, या जोडीपुढे त्याला निव्वळ सोन्याचं काही वाटणार नाही.

आणि ‘सोनं’ म्हणजे तरी किती सोनं? १८९६ च्या पहिल्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये विजेत्याला चांदीचं पदक आणि ऑलिव्हची फांदी मिळायची. अस्सल सोन्याची पदकं शेवटची दिली गेली ती १९१२ साली स्टॉकहोमला, तीही जेमतेम २४ ग्रॅमची. त्यानंतर सगळा चांदीवरचा मुलामा. गंमत म्हणजे १९२८ पासून २००० पर्यंत उन्हाळी ऑलिम्पिकच्या पदकावर ग्रीक विजयदेवतेमागे चक्क रोमचं कोलोसियम होतं! अथेन्सचं स्टेडियम तिथे आलं २००४ मध्ये.

बर्लिनच्याच चार सुवर्णांपैकी एक जेसी ओवेन्सनं आपला नर्तक मित्र बिल रॉबिन्सनला देऊन टाकलं होतं. २०१३ च्या लिलावात त्याला १४ लाख ६६ हजार डॉलरहून जास्त किंमत आली. मला मात्र ओवेन्सचं खुरपं जास्त मोलाचं वाटतं. तेव्हा ऑलिम्पिकमध्ये स्टार्टिंग ब्लॉक नव्हते, धावपटू बागेतल्या छोट्या खुरप्यानं पायापुरते खळगे खणायचे आणि त्यातून सुटायचे. जगातला सगळ्यांत वेगवान माणूस शर्यतीआधी गुडघ्यावर बसून माती उकरतोय, हे चित्रच केवढं लोभस!

बुटांची तर वेगळीच दुनिया. ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डमध्ये रॉजर बॅनिस्टर चार मिनिटांच्या आत मैल धावला, तेव्हा त्याच्या पायात कांगारूच्या कातड्याचे काळे स्पाइक्स होते. वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. डॉक्टरकी शिकणाऱ्या या पोरानं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतल्या सहाणेवर खिळे घासून धारदार केले, वर ग्रॅफाइट चोळलं, म्हणजे धावपट्टीची ओली राख चिकटू नये. २०१५ मध्ये ते २,६६,५०० पौंडांना गेले. १९७२ च्या अमेरिकन ऑलिम्पिक निवडचाचणीसाठी धावप्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी बनवलेल्या ‘मून शू’चा एक जोड २०१९ मध्ये ४,३७,५०० डॉलरला विकला गेला. त्याच्या तळव्याची नक्षी आली बायकोच्या वॉफलच्या साच्यातून! रबर ओतून बिघडलेला तो साचा घरामागच्या कचऱ्यात पुरला गेला होता. पुढे अनेक दशकांनी उकरल्यावर गंजलेला हाती लागला. आपल्या मिल्खासिंग यांनीही रोमच्या १९६० च्या शर्यतीतले बूट २०१२ मध्ये समाजकार्यासाठी लिलावात दिले, २४ लाख रुपये उभे राहिले.

चोरीचाही एक किस्सा हवाच. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये पाच वर्तुळांचा झेंडा पहिल्यांदा फडकला आणि स्पर्धा संपताच गायब झाला. अमेरिकन सूरपटू हॅल हेग प्रीस्टनं पैजेपायी खांबावर चढून तो पळवला होता. ऐंशीएक वर्षं तो सुटकेसच्या तळाशी पडून होता. २००० साली सिडनीत, १०३ वर्षांच्या प्रीस्टनं तो स्वतःच्या हातानं परत केला.

१९५२ च्या हेलसिंकीच्या मशाली मोजून २२ बनल्या, म्हणून संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. त्याच हेलसिंकीहून गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आणलं, आणि कराडला शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्या मिरवणुकीचा एखादा फोटो जुन्या ट्रंकेत सापडला, तर कृपा करून रद्दीत घालू नका.

आणि सगळ्यांत मोठी क्रीडास्मृती? तिच्यात तर आपण बसून आलोय! १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांसाठी वापरलेल्या बसगाड्या एसटीनं घेतल्या, दादर-पुणे रस्त्यावर सोडल्या आणि ‘एशियाड’ हे त्यांचं नावच होऊन बसलं. पदक परवडत नसेल त्यानं तिथूनच सुरुवात करावी. त्या स्पर्धांची टपाल तिकिटं, अप्पू हत्तीचे बिल्ले आणि किल्लीच्या साखळ्या जुन्या बाजारात अजून हाताला लागतात. माझ्या वहीत जंतरमंतरच्या बोधचिन्हाचं एक तिकीट आहे, शिक्का पडलेलं, एक कोपरा दुमडलेला. त्याच वहीत त्याच्या शेजारी एशियाडचं दादर-पुणे तिकीटही चिकटवलंय.