दिवा लागला म्हणजे काम झाले?

घरात गीझर घ्यायचे ठरते. जवळच्या विजेच्या दुकानातून कोणाला तरी बोलावून आणतात. तो तासाभरात वायर ओढतो, सॉकेट बसवतो आणि बटण दाबतो. गीझरचा लाल दिवा लागतो, घरातली मंडळी समाधानाने म्हणतात, "झाले काम!" आणि पैसे घेऊन तो निघून जातो.

पण दिवा लागला याचा अर्थ एवढाच, की वीज जिथे जायला हवी तिथे पोचली. ती जिथे जाऊ नये तिथे जात नाही ना, हे दिवा सांगू शकत नाही. पुढे दिलेल्या तीन चुकांचा विचार करा. या तिन्ही चुका असूनही गीझर अगदी व्यवस्थित चालतो.

पहिली चूक : बटण फेजच्या तारेऐवजी न्यूट्रलच्या तारेत बसवले. परिपथ कुठेही तोडला तरी प्रवाह थांबतो, म्हणून बटण बंद करताच गीझर बंद पडतो. मात्र त्याच्या आतील भागांवर २३० व्होल्टचा दाब तसाच राहतो. बटण बंद आहे या भरवशावर कोणी झाकण उघडले, तर त्याच्या जिवावर बेतू शकते.

दुसरी चूक : दिव्याच्या बारीक वायरीतूनच गीझरला वीज दिली. २३० व्होल्टवर १०० वॅटचा दिवा सुमारे ०.४३ अँपिअर प्रवाह घेतो, तर २००० वॅटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो. म्हणजे प्रवाह वीसपट झाला. वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे तुम्ही शिकला आहात. वीसचा वर्ग चारशे! ही उष्णता पहिल्या दिवशी जाणवत नाही. वायरीवरचे विसंवाहक आवरण हळूहळू कडक होते, त्याला भेगा पडतात आणि एखाद्या दिवशी ठिणगी पडते. म्हणून गीझरसाठी सामान्यतः २.५ चौरस मिलिमीटर किंवा त्याहून जाड तांब्याची स्वतंत्र वायर घालतात.

तिसरी चूक सर्वांत घातक आहे : अर्थिंगची तार जोडलीच नाही, किंवा जोडली पण ती जमिनीपर्यंत नीट पोचत नाही. समजा, आतील फेजची तार गीझरच्या धातूच्या टाकीला टेकली. अर्थिंगच्या मार्गाचा रोध १ ओहम असेल, तर सुमारे २३० अँपिअरचा प्रवाह उसळतो आणि १६ अँपिअरचा एम.सी.बी. तत्क्षणी खाली पडतो. रोध २० ओहम असेल, तर प्रवाह फक्त ११.५ अँपिअर. एम.सी.बी. पडत नाही आणि टाकीवर विजेचा दाब राहतो. अर्थिंग मुळीच नसेल, तर टाकीला हात लावणाऱ्या माणसाच्या शरीरातूनच वीज जमिनीत जाते. ओल्या शरीराचा रोध १५०० ओहम धरला, तर हा प्रवाह सुमारे १५० मिलिअँपिअर होतो. माणूस दगावण्यास एवढा प्रवाह पुरेसा आहे. १६ अँपिअरच्या एम.सी.बी.ला मात्र तो जाणवतही नाही. एम.सी.बी. वायरीला वाचवतो, माणसाला नव्हे! माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. लागतो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांत फरक पडला, की तो वीज तोडतो.

मग या चुका शोधायच्या कशा? मोजमाप करून. मुख्य स्विच बंद करून व उपकरणे काढून, मेगर नावाच्या यंत्राने वायर आणि अर्थ यांच्यात ५०० व्होल्टचा एकदिश दाब एक मिनिट देतात. विसंवाहक रोध निदान १ मेगोहम, म्हणजे दहा लाख ओहम, भरला पाहिजे. ओहमचा नियम लावून पाहा : ५०० भागिले दहा लाख, म्हणजे गळती फक्त अर्धा मिलिअँपिअर. माणसाला साधारण एक मिलिअँपिअर प्रवाह जाणवू लागतो, त्याहूनही ही गळती कमी आहे. याशिवाय अर्थिंगचा रोध मोजतात आणि बटण फेजमध्येच आहे ना, हे तपासतात.

म्हणूनच कायद्याने या कामावर बंधन घातले आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ते होते आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० व २०२३ च्या विनियमांतही तेच तत्त्व आहे. दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण यांच्या जागी तसेच दुसरे बसवायला परवाना लागत नाही. पण नवा पॉइंट काढणे, वायरिंग वाढवणे किंवा बदलणे हे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायचे असते. प्रत्यक्ष काम करणाऱ्या वायरमनकडे परवाना आणि देखरेख करणाऱ्याकडे सक्षमतेचे प्रमाणपत्र लागते. काम झाल्यावर ठेकेदार चाचणी अहवालावर सही करतो.

विनापरवाना काम करणारा कारागीर अडाणीच असतो असे नाही. पुष्कळांच्या हातात उत्तम कसब असते. पण आवरणातली भेग किंवा जमिनीतला रोध कितीही कुशल माणसाला नजरेने दिसत नाही. चाचणी अहवाल म्हणजे हे रोध मोजले गेले याची नोंद आणि त्याची जबाबदारी घेणाऱ्याची सही. अर्थात, मेगर न लावताच सही केलेला कागद निरुपयोगी होय. तेव्हा नुसता कागद घेऊ नका, त्यावरचे आकडे वाचा.

तुमच्या घरी असे काम निघाले, तर वडीलधाऱ्यांना चार गोष्टी विचारायला सांगा : परवाना आहे का? वायर किती जाडीची घालणार? विसंवाहक रोध किती भरला? अर्थिंगचा रोध किती आला? स्वतः मात्र कोणताही बोर्ड उघडू नका. शिक्षकांना वर्गात ओहमचा नियम शिकवताना वरची उदाहरणे फळ्यावर सोडवून घेता येतील.