मैहरचे बँडमास्तर

लग्नसराई सुरू झाली की आमच्या इंदरगंजात लवकर झोपण्याची आशा कोणी धरू नये. चौकातून एक वरात पुढे सरकते न सरकते तोच दुसरी तिच्या पाठीशी येऊन ठेपते. घोड्यावरील नवरदेव, डोक्यावर दिवे घेऊन चालणारी पोरे, लाल अंगरखे घातलेले वाजंत्री, आणि त्यांच्यापुढे हात उंचावून चालणारा बँडमास्तर हा देखावा आम्ही गच्चीवरून वर्षानुवर्षे पाहात आलो आहोत. वरातीतील कोणाचेही लक्ष त्या बँडमास्तराकडे नसते. परंतु त्याने हात खाली घेतला की अख्खी वरात जागच्या जागी थांबते.

आपल्याकडे गवयाला बुवा म्हणतात, वादकाला पंडितजी किंवा खाँसाहेब म्हणतात. बँडमास्तर मात्र ‘बँडवाला’च राहतो. अनेकांना एका पावलावर आणि एका सुरावर आणणे ही विद्या आहे, असे आपल्या मनाने अद्याप घेतलेले नाही. आणि गंमत अशी की आमच्याच मध्यप्रदेशात एक महापुरुष असा होऊन गेला, की ज्याला देशाने पद्मविभूषण दिले, जगाने थोर सरोदिये आणि थोर गुरू म्हणून ओळखले, आणि ज्याने आयुष्यातील फार मोठा काळ एका लहानशा गावातील बँड घडविण्यात व सांभाळण्यात घालविला. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ हे त्यांचे नाव. मैहरात त्यांना सारे ‘बाबा’ म्हणत.

हा विषय आजच आठवण्यास निमित्त घडले ते आमच्या शाळेचे. आमची शाळा सरकारी. शाळेच्या कपाटात एक मोठा ढोल, चार लहान ड्रम, काही बिगुल आणि बासऱ्या आहेत. कवायतीचे शिक्षक निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आले नाही, आणि २६ जानेवारी जवळ येऊ लागला. शिक्षकांच्या सभेत सूचना आली की बँडची यातायात कशाला, ध्वनिमुद्रित संचलनगीत कर्ण्यावर लावावे. बेसूरही होणार नाही आणि मुलांचा अभ्यासही बुडणार नाही. सूचना सोयीची होती. कागद आमच्या मेजावर सहीसाठी आला. सही करण्यासाठी लेखणी उचलली आणि काही वर्षांपूर्वी मैहरला ऐकलेला तो वाद्यवृंद आम्हांस आठवला.

शारदादेवीच्या दर्शनास आम्ही सहकुटुंब मैहरला गेलो होतो. डोंगरावरील मंदिराच्या हजारावर पायऱ्या चढून उतरल्यावर तेथील वाद्यवृंद ऐकण्याचा योग आला. हा बँड चालत नाही, बैठकीवर बसून वाजवितो. सतार, व्हायोलिन, तबला ही मंडळी ओळखीची होती. परंतु मध्यभागी लोखंडी नळ्यांची एक रांग मांडलेली होती, आणि एक वादक दोन काड्यांनी त्या नळ्यांवर राग वाजवीत होता. हे नलतरंग. नळ्या कशाच्या, असे विचारता उत्तर मिळाले, “बंदुकीच्या.” मैहर संस्थानच्या बंदुकांच्या नळ्या कापून बाबांनी हे वाद्य तयार केले. नळी जितकी आखूड तितका स्वर चढा, ह्या साध्या हिशेबाने त्यांनी संहाराच्या साधनातून सप्तक लावले.

बाबांचा जन्म पूर्व बंगालातील शिबपूर गावचा. तो भाग आज बांगलादेशात आहे. जन्मसालाविषयी एकमत नाही. कोणी १८६२ म्हणतात, कोणी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला असे मानतात. गाण्याच्या वेडाने हा मुलगा घरातून पळाला आणि कलकत्त्यास आला. तेथे गोपालकृष्ण भट्टाचार्य, ज्यांना ‘नुलो गोपाल’ म्हणत, त्यांच्यापाशी त्याने कित्येक वर्षे केवळ सरगम घोटली. ते गुरू वारले तेव्हा त्याने गायन सोडून वाद्याची वाट धरली. स्वामी विवेकानंदांच्या नात्यातील अमृतलाल दत्त ऊर्फ हाबू दत्त यांचा वाद्यवृंद होता. त्यांच्याकडे तो अनेक वाद्ये शिकला. व्हायोलिन मात्र त्याने लोबो नावाच्या एका गोवेकर बँडमास्तराकडून घेतले.

ह्या गोवेकर गुरूपाशी क्षणभर थांबावेसे वाटते. गोव्यातील चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य वाद्ये शिकलेली माणसे त्या काळी हिंदुस्थानभर पसरली होती; संस्थानांचे बँड, नाटकगृहे, पुढे सिनेमा, सर्वत्र त्यांचा हात होता. अशाच एका गोवेकराने बंगाली मुलाच्या हाती व्हायोलिन दिले. त्या मुलाने पुढे जे ज्ञान वाटले, त्याचा लाभ ज्यांना झाला त्यांत आपले पंडित विष्णु गोविंद जोग (१९२२–२००४) हेही होते. गोवा, बंगाल, मैहर आणि पुन्हा मराठी माणूस, असा ह्या विद्येचा फेरा आहे. परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांस त्याचे विशेष अगत्य वाटावे.

पुढे सरोद ऐकून अल्लाउद्दीन वेडावले. अहमद अली खाँ यांच्यापाशी ते सरोद शिकले आणि अखेरीस रामपूरच्या वझीर खाँ यांच्या दाराशी येऊन थांबले. वझीर खाँ बीनकार. तानसेनाच्या कन्येच्या वंशातले. दार उघडेना, तेव्हा हा तरुण नवाबाच्या गाडीपुढे आडवा झाला, असे सांगतात. दार उघडले, तरी विद्या लगेच मिळाली नाही. घराण्याची मूळ विद्या मुलालाच द्यावयाची, परक्याला वरवरचे शिकवावयाचे, ही त्या काळची रीत होती. अल्लाउद्दीनांनी गुरुगृही कष्ट उपसले, वर्षे काढली, तेव्हा कुठे गुरूचे मन द्रवले.

तानसेनाची समाधी आमच्या ग्वाल्हेरात, महंमद गौसांच्या मकबऱ्याशेजारी आहे. दर डिसेंबरात तेथे समारोह भरतो आणि आम्ही ग्वाल्हेरकर मोठ्या अभिमानाने जातो. त्या समाधीपासून निघालेल्या विद्येची एक धार अशी बंद दारांतून वाट काढीत मैहरला पोहोचली.

मैहर हे बघेलखंडातील छोटे संस्थान. तेथील महाराज ब्रिजनाथसिंह यांनी बाबांना गुरू करून घेतले. १९१८ च्या सुमाराची ही गोष्ट. त्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने देश होरपळला; गावोगावी घरे बसली आणि पोरे उघड्यावर पडली. अशा निराधार मुलामुलींना गोळा करून बाबांनी वाद्ये शिकविली आणि त्यांचा बँड उभा केला. ह्या मुलांना ना घराणे होते, ना अक्षरओळख, ना कोणी विचारणारे. ज्या विद्येसाठी स्वतः दारोदार फिरले, तीच विद्या बाबांनी ह्या पोरांपुढे ठेवली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपले संगीत मुळात एकट्याचे. गवई बसला की राग त्या क्षणी त्याच्या मनातून उलगडतो; पुढची तान कोणती, हे त्यालाही आधी ठाऊक नसते. बँडला हे चालत नाही. तेथे प्रत्येकाचा प्रत्येक स्वर आधी ठरलेला असावा लागतो. पाश्चात्त्य बँड अनेक स्वर एकाच वेळी उभे करून भरदारपणा आणतो; तसे आपल्या रागात करू गेल्यास रागाचा रंगच उडतो. शिवाय नलतरंगासारख्या वाद्यावर मींड निघत नाही. बाबांनी काम वाटून दिले. मींड आणि आर्जव सतारीने व गजाच्या वाद्यांनी सांभाळावे, ठोका आणि झळाळी आघाताच्या वाद्यांनी द्यावी, आणि सर्वांनी मिळून रागाची एकच ओळ चालवावी. त्यासाठी त्यांनी अनेक गती रचल्या. रागाची शिस्त न मोडता तो अनेकांच्या हाती देता येतो, हे त्यांनी करून दाखविले.

योगायोग पाहा. त्याच १९१८ सालच्या १० जानेवारीस आमच्या ग्वाल्हेरात महाराज माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंडे यांच्या योजनेने माधव संगीत विद्यालय सुरू झाले. भातखंड्यांनी स्वरलिपी आणि क्रमिक पाठ देऊन गाणे वर्गात आणले. बाबांनी अनाथ पोरांच्या हाती वाद्य देऊन ते बँडमध्ये आणले. मार्ग दोन, पण हेतू एकच: विद्या चार घरांत कोंडून राहू नये. आज बाबांचा वाद्यवृंद मैहरच्या शासकीय संगीत महाविद्यालयाच्या आश्रयाने चालू आहे, आणि २००८ साली आमच्या ग्वाल्हेरात राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठ स्थापन झाले. बँड आणि विद्यापीठ ह्या दोन गोष्टी आपल्याकडे अशा शेजारी आल्या.

अमेरिकेत हे नाते अधिक जुने आहे. तेथील विद्यापीठांत संचलन करणारे बँड असतात आणि त्यांचा संचालक हा प्राध्यापक असतो. विल्यम फॉस्टर नावाच्या कृष्णवर्णीय तरुणाने १९४१ साली कॅन्सस विद्यापीठाची पदवी घेतली, तेव्हा काळ्या वाद्यवृंदसंचालकाला नोकरी नाही, असे त्याला सांगण्यात आले. १९४६ साली तो फ्लोरिडातील कृष्णवर्णीयांच्या एका शिक्षणसंस्थेत दाखल झाला आणि १९९८ पर्यंत, म्हणजे बावन्न वर्षे, त्याने तेथील बँड चालविला. १९८९ साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला पॅरिसमध्ये जे संचलन झाले, त्यात अमेरिकेच्या वतीने हाच बँड चालला. मैहर आणि फ्लोरिडा यांत अंतर किती! तरी दोघांनी आरंभ केला तो ज्यांना जग रांगेबाहेर उभे करते अशांना रांगेत घेऊन.

बाबा शिकविताना कडक होते. त्यांच्या संतापाच्या कथा शिष्यांनीच सांगितल्या आहेत. पाच वेळा नमाज पढणारा हा मुसलमान शारदामातेचा भक्त होता. पुत्र अली अकबर, कन्या अन्नपूर्णा, रविशंकर, पन्नालाल घोष, निखिल बॅनर्जी यांच्यासारखी माणसे त्यांनी घडविली. १९३५ साली उदयशंकरांच्या नृत्यपथकाबरोबर ते युरोपात गेले, पण परत आले ते मैहरलाच. १९५८ साली पद्मभूषण आणि १९७१ साली पद्मविभूषण मिळाले. ६ सप्टेंबर १९७२ रोजी मैहरातच त्यांनी देह ठेवला. शिष्यांची कीर्ती जगभर झाली. बँडमधल्या पोरांची नावे फार थोड्यांना ठाऊक आहेत. पण त्यांच्यामुळेच बाबांच्या गती आजही वाजतात.

आता पुन्हा आमच्या मेजावरील कागदाकडे वळतो. सही न करता आम्ही तो बाजूस ठेवला आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी विचारले की बँडमध्ये कोणास यावयाचे आहे. नेहमीची मुले पुढे आली. मागच्या रांगेतील एक मुलगा हात अर्धा वर करून पुन्हा खाली घेताना दिसला. त्याला बोलाविले. हाच मुलगा बाकावर ताल धरतो म्हणून त्याला आम्ही दोनदा वर्गाबाहेर उभे केले होते. त्याचे वडील वरातीच्या बँडमध्ये ड्रम वाजवितात, आणि लग्नसराईत हा पोरगा इंदरगंजातून डोक्यावर दिवा घेऊन चालतो, हे तेव्हा कळले. मग इतकी वर्षे बँडमध्ये का आला नाहीस, असे विचारता तो खाली पाहात म्हणाला, “सर, सफेद जूते नहीं हैं।”

पांढऱ्या बुटांचा नियम आमचाच होता. संचलन नेटके दिसावे म्हणून सात वर्षांपूर्वी आम्हीच तो लिहून काढला होता. त्या नियमाने किती मुले बाहेर राहिली, ह्याचा हिशेब आम्ही कधी केला नव्हता. गच्चीवरून वरात पाहताना दिव्याखाली चालणारी पोरे आम्ही कितीदा पाहिली असतील! त्यांतला एक आमचा विद्यार्थी आहे, हे मात्र आम्हांस दिसले नाही.

नियम त्याच दिवशी रद्द केला. मुलाचे वडील सकाळी तासभर शाळेत येऊ लागले. मानधन देण्यास शाळेपाशी पैसा नव्हता आणि त्यांनी तो मागितलाही नाही. २६ जानेवारीस बँड वाजला. बिगुल एके ठिकाणी चुकला, डावे-उजवे पाऊलही दोनदा बिघडले. चप्पल, काळे बूट, फाटके बूट, सारे एकाच रांगेत होते. कर्ण्यावरील गीत निश्चित अधिक सुरेल झाले असते.

त्या दिवशी समारंभानंतर आम्ही त्या बँडमास्तरांना खुर्ची दिली आणि सर्वांसमक्ष ‘मास्तरसाहेब’ म्हटले. ते संकोचून उभेच राहिले. पुढल्या लग्नसराईत इंदरगंजातून त्यांची वरात जाईल, तेव्हा आम्ही गच्चीवरून खाली उतरून नमस्कार करावयाचे ठरविले आहे.