मत आणि मर्यादा : डच मुत्सद्दी डर्क स्टिकर

लोकशाहीत मंत्र्याचे आसन विरोधकांमुळे डळमळावे, यात नवल नाही. परंतु ज्या पक्षाच्या उभारणीत आपला हात होता, त्याच पक्षाच्या संसदीय नेत्याने आपल्या धोरणावर अविश्वासाचा ठराव आणावा आणि तो फेटाळला गेल्यावरही आपण पद सोडावे, असा प्रसंग विरळाच. हॉलंडचे परराष्ट्रमंत्री डर्क स्टिकर यांच्यावर तो जानेवारी १९५१ मध्ये आला.

स्टिकर यांचा जन्म १८९७ साली विन्सखोटन येथे झाला. ग्रोनिंगेन येथे कायद्याचे शिक्षण घेऊन ते बँकेच्या व्यवसायात शिरले, आणि १९३५ पासून हायनेकेन या मद्यनिर्मिती कंपनीचे संचालक होते. जर्मनांच्या ताब्यात देश असता मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींनी गुप्तपणे विचारविनिमय केला. त्यात ते मालकांच्या बाजूने पुढे होते. त्यातूनच १९४५ मध्ये उभय पक्षांची संयुक्त संस्था निर्माण झाली. समोरच्याचे हित ओळखून तडजोड घडविण्याची कला त्यांनी तेथे आत्मसात केली. १९४६ मध्ये त्यांनी स्वातंत्र्य पक्ष काढला. १९४८ च्या आरंभी पीटर आउड यांच्या गटाशी तो एकरूप होऊन नवा उदारमतवादी पक्ष उभा राहिला.

त्याच वर्षी ते परराष्ट्रमंत्री झाले, तेव्हा इंडोनेशियाचा प्रश्न पेटला होता. नोव्हेंबरमध्ये त्यांनी स्वतः तेथे जाऊन महंमद हट्टा यांच्याशी बोलणी केली. परंतु डिसेंबरमध्ये डच फौजांनी दुसरी लष्करी कारवाई केलीच. जानेवारी १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी दिल्लीत आशियाई राष्ट्रांची परिषद बोलावली, आणि सुरक्षा समितीचा दाबही वाढला. अखेर हेग येथील गोलमेज परिषदेनंतर २७ डिसेंबर १९४९ रोजी सार्वभौमत्व इंडोनेशियाच्या हाती आले.

मात्र पश्चिम न्यू गिनीचा निर्णय वर्षभर लांबणीवर टाकला होता, आणि तेथेच काट्याचा नायटा झाला. इंडोनेशियाशी संबंध तुटू नयेत म्हणून स्टिकर मध्यम मार्ग शोधीत होते. आउड यांना सवलत मान्य नव्हती. त्यांच्या ठरावास बहुमत मिळाले नाही. तरीही स्वपक्षाचा आधार गमावलेल्या मंत्र्याने अधिकार चालवू नये, असे मानून स्टिकर यांनी राजीनामा दिला, आणि मंत्रिमंडळही पडले. मार्चमध्ये नवे मंत्रिमंडळ बनले, त्यात ते पुन्हा त्याच पदावर आले. मूळ प्रश्न मात्र पुढे एक तपभर चिघळला. १९६३ मध्ये तो प्रदेश इंडोनेशियाकडे गेला. तडजोड टाळल्याने तो हॉलंडच्या हाती राहिला नाही, हे कालांतराने सिद्ध झाले.

युरोपातही स्टिकर यांना हाच अनुभव आला. अमेरिकेच्या मदतीने युरोपाची घडी बसविणाऱ्या आर्थिक सहकार्य संघटनेचे ते अध्यक्ष होते. एकेका उद्योगातील व्यापाराची बंधने क्रमाने उठवावीत, अशी त्यांची १९५० ची योजना; ती जशीच्या तशी स्वीकारली गेली नाही, पण चर्चेस दिशा देऊन गेली.

१९५२ पासून लंडनमध्ये राजदूत आणि पुढे पॅरिसमध्ये डच प्रतिनिधी म्हणून काम केल्यावर १९६१ मध्ये ते नाटोचे सरचिटणीस झाले. फ्रान्सची त्यांच्या निवडीस नाखुशी होती. त्याच ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, आणि पुढच्या वर्षी क्यूबाचे संकट ओढवले. या पदाला आज्ञा देण्याचा अधिकार नव्हता. सर्व राष्ट्रांची संमती मिळविणे, एवढेच हाती होते. प्रकृतीने साथ न दिल्याने १९६४ मध्ये त्यांनी निवृत्ती पत्करली. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले.

मध्यस्थाला टाळ्या क्वचितच मिळतात. दोन्ही बाजूंना तो कमकुवत भासतो. परंतु पद आणि मत यांत निवड करण्याची वेळ आली, तेव्हा पद सोडण्याचे धैर्य स्टिकर यांनी दाखविले. त्यांच्या मवाळपणाचे बळ त्यातच होते.