पेढीवरची उमेदवारी

वाणिज्य शाखेची पदवी हाती येते आणि त्याच सुमारास एखाद्या व्यापारी पेढीकडून प्रशिक्षणार्थी म्हणून बोलावणे येते, तेव्हा घरात पहिला प्रश्न वेतनाचा निघतो. उमेदवारीच्या काळात वेतन तुटपुंजेच असावयाचे; त्यावरून निर्णय घेणे म्हणजे माल न पाहता भाव ठरविणे. त्याहून आजोबांचा प्रश्न खोल असतो : घरचे दुकान असताना परक्याच्या गादीवर कशाला? सोलापूरचे वालचंद हिराचंद घरच्या पेढीवर रमले नाहीत. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली आणि पुढे जहाजांपर्यंत मजल मारली. शिवाय परक्या पेढीवर मुलगा मालकाचा मुलगा नसतो. त्याची चूक कोणी पोटात घालीत नाही, आणि शिक्षण बहुधा तेथेच सुरू होते.

मात्र शिकविणार काय, हे आधी विचारून घ्यावे. सांगलीच्या हळदीच्या पेढीचेच उदाहरण घ्या. हळकुंड मोडून आतला रंग पाहणे, ओलावा जोखणे, हळकुंड आणि गड्डा यांच्या दरातील अंतर समजणे, माल आज विकावा की शीतगृहात ठेवावा याचा अंदाज बांधणे, वायदे बाजाराकडे लक्ष ठेवणे, हा खरा धंदा. वर्षभर संगणकावर बिले नोंदविणारा उमेदवार बिलेच शिकतो. सौद्याच्या वेळी त्याला शेजारी उभे राहू देणार का, एवढ्या एका प्रश्नाच्या उत्तरातून पेढीचा हेतू बराचसा कळतो.

याहून नाजूक गोष्ट तराजूची. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने हीनाधिक मानोन्मान आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खोटे वजनमाप आणि भेसळ, यांची गणना केली आहे. हळदीला पिवळेपणा आणण्यासाठी लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार घडतात. ते विषच आहे. अशा पेढीवर लबाडी मालकाची असली तरी वजनाची चिठ्ठी उमेदवाराच्या हस्ताक्षरात असते, आणि रुजू झाल्यावर नकार देणे नवख्याला फार जड जाते. कीटकनाशकांची पेढी असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो : पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे. कोणी शेतीची गरज पुढे करील, कोणी व्रताची मर्यादा. ही चर्चा घरात मोकळेपणाने, होकार कळविण्यापूर्वीच व्हावी. म्हणून पेढीला माल पुरविणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याकडे आणि तिच्याच एखाद्या जुन्या गुमास्त्याकडे चौकशी करावी. मालकाच्या प्रतिष्ठित ओळखीच्यांकडून क्वचितच काही कळते.

राहिला करार. पेढी सोडल्यावर त्याच मालाचा स्वतंत्र धंदा करू नये, अशी अट पुष्कळदा घातलेली असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायावर असे निर्बंध घालणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरतो. मुदतीपूर्वी सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च भरून देण्याची अट मात्र निराळी. वाजवी रक्कम वसूल होऊ शकते, म्हणून तो आकडा वकिलाला दाखवूनच सही करावी. मूळ गुणपत्रिका पेढीकडे ठेवण्याची मागणी झाली, तर तेथूनच परत फिरावे.